डाव्या कडेची ताईबाई

वरवंडच्या साळूबाईला एखादी वस्तू विकायची म्हणजे दुकानदाराची सत्त्वपरीक्षाच. सुयांचं पाकीट घेतलं तरी ती एकेक सुई उजेडाकडे धरून नेढं बघायची, आणि स्टोव्ह घ्यायला गेली तर तो बनवणाऱ्याच्या घरी कुठला स्टोव्ह आहे, इथपर्यंत तिची चौकशी चालायची. नवरा गेल्यावर ती शिवण शिकली, तीही असंच विचारून विचारून. शिकवणारी बाई शेवटी हात जोडून म्हणाली होती, "साळूबाई, आता तुम्हीच मला शिकवा." पुढे गावातली निम्मी झंपरं तिच्या मशीनवर शिवून निघाली. अशी ही बाई दोन हजार आठ साली शिरूरच्या सीडीच्या दुकानात फसली. कुणी फसवलं नव्हतं हो. आपल्याच हुशारीनं फसली.

तिला एकच सिनेमा हवा होता, आणि त्या सिनेमातही एकच प्रसंग. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी एका कंपनीनं शिरूरच्या आठवडे बाजारात शूटिंग केलं होतं. नटी बांगड्या भरायला बसते आणि नट मागून येऊन तिची चेष्टा करतो, एवढाच काय तो प्रसंग. त्या गर्दीत साळूबाईची धाकटी बहीण ताईबाई वांग्यांची पाटी घेऊन उभी होती. सिनेमा वरवंडच्या जत्रेत तंबूत लागला तोवर ताईबाई तापानं गेली होती. तंबूत मधे दोर बांधलेला, डाव्या अंगाला बायका, उजव्या अंगाला पुरुष. बांगड्यांचा प्रसंग आला आणि पडद्याच्या डाव्या कडेला, साळूबाईच्या अगदी पुढ्यात, ताईबाई जिवंत उभी राहिली. साळूबाईनं तीन दिवस तीन खेळ पाहिले आणि तिन्ही वेळा पदर तोंडात कोंबून रडली.

ताईबाईचा फोटो एकही नव्हता. लग्नात फोटोवाला ठरवला होता, पण तो आदल्या दिवशीच्या लग्नातलं जेवण बाधून घरी पडला, तो आलाच नाही. मागे राहिली आठ महिन्यांची लेक, हर्षदा. तिला साळूबाईनंच वाढवलं. पोरगी विचारायची, "मावशी, आई कशी दिसायची गं?" नाक असं होतं, हनुवटी तशी होती, हे सांगून कुठं चेहरा उभा राहतो? मग साळूबाई म्हणायची, "सिनेमात हाय तुझी आई. येक दिस दाखवीन तुला." हे एवढं एक देणं तिच्या शब्दावर राहिलं होतं.

हर्षदाचं लग्न शिरूरात झालं. जावई रांजणगावच्या कारखान्यात. त्या दिवाळीत त्यांच्या घरी डीव्हीडी प्लेअर आला, आणि साळूबाईनं मशीनवर झाकण घातलं, चौफुल्याला एसटी बदलली आणि थेट शिरूर गाठलं.

स्टँडामागे विक्रमचं दुकान होतं. त्यानं त्या एकाच सिनेमाच्या दोन डब्या काढून ठेवल्या.

"मावशी, ह्यो फुलस्क्रीन आन् ह्यो वाइडस्क्रीन. कंचा देऊ?"

"फरक काय त्यात?"

"ह्यात समदा टीव्ही भरून दिसतं. त्यात वर-खाली काळी पट्टी येती."

"पट्टी का येती?"

"येती, मावशी."

"पर का?"

"कंपनीकडनंच तशी येती बघा."

एवढ्यावर गप्प बसेल ती साळूबाई कसली? तिनं दोन्ही लावून बघितल्याशिवाय दम घेतला नाही. बाजाराचा प्रसंग मात्र तिनं दुकानात लावू दिला नाही; तो हर्षदाच्या शेजारी बसूनच बघायचा होता. नुसती सुरुवात पाहिली. पहिल्या डिस्कमध्ये टीव्ही कडेपर्यंत गच्च भरलेला. दुसरीत वर चार बोटं काळं, खाली चार बोटं काळं, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत बारकी बारकी माणसं.

"आरं, ही तर वरनं-खालनं कातरल्याली हाय की!" साळूबाई गरजली. "माझा जल्म कापडं कातरन्यात गेला, मला शिकवतो व्हय? मला आख्खा सिनेमा पायजे."

विक्रमलाही पटलं. "समदी फुलच नेत्यात, मावशी. ह्यो दुसरा नुसता पडून हाय." आणि साळूबाई फुलस्क्रीन घेऊन ताठ मानेनं बाहेर पडली.

हर्षदानं घर झाडून पुसून ठेवलं होतं. ती नवी साडी नेसून टीव्हीच्या पुढ्यात मांडी घालून बसली, कुणी मोठं माणूस भेटीला यायचं असावं तशी. सासू होती, जावई होता. सिनेमा सुरू झाला. बाजार आला, नटी आली, बांगडीवाला आला. साळूबाई डाव्या कडेला बोट दाखवत म्हणाली, "बघ हां, बघ, आत्ता..." आणि प्रसंग संपला. तिथं कुणीच नव्हतं. मागे फिरवून पुन्हा लावलं. नटीचा दंड, तिच्याकडे वाकलेल्या बांगडीवाल्याचा फेटा, आणि पुढे टीव्हीची कड.

पाच वेळा झालं. सासू चहाला उठली. हर्षदा सावकाश म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मावशी. लई वर्सं झाली. तुला वाटलं आसंल."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती समजूत घालत होती, म्हाताऱ्या माणसाची घालावी तशी. त्या समजुतीनं साळूबाईला जेवढं लागलं तेवढं नवऱ्याच्या मारानंही कधी लागलं नव्हतं. खरंच मी रचलं का? बहीण गेलेली, डोळे भरलेले, तंबूतला अंधार. भलत्याच बाईला मी ताईबाई समजले का? आणि पोरीला बावीस वर्षं खोटंच सांगत आले?

पण साळूबाईचा स्वभाव असा, की दुःखातसुद्धा तिच्या डोक्यातला प्रश्न झोपत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूळ भरताना थांबली. फेटा! काल घरी बांगडीवाल्याचा फेटा केवढा दिसत होता! तंबूतल्या त्या भल्या मोठ्या पडद्यावर बांगडीवाला अख्खा दिसायचा, मांडीखालच्या चटईसकट. मग घरच्या टीव्हीवर नुसता फेटाच का मावला?

विक्रमनं शटर वर केलं तर पायरीवर साळूबाई बसलेली. पिशवीतून तिनं शिवणाची टेप काढली.

"दोन्ही लाव. सुरवातीला त्यो नट सायकलवर येतो न्हवं, तिथं थांबीव."

विक्रमनं कपाळाला हात लावला, पण लावलं. साळूबाईनं चष्मा चढवला आणि काचेवर टेप धरून नटाचं तोंड मोजलं, गिऱ्हाइकाचा दंड मोजावा तसं. फुलस्क्रीनमध्ये हनुवटीपासून केसापर्यंत चार इंच. वाइडस्क्रीनमध्ये सव्वादोन. मग चित्राची रुंदी मोजली. दोन्हींत तेवढीच.

"आता मला सांग," ती म्हणाली. "तोंड निम्म्यावर आलं, आन् रुंदी तेवढीच ऱ्हायली. मंग बाजूच्या जागेत काय भरलंय?"

विक्रम वाकून बघू लागला. वाइडस्क्रीनमध्ये नटाच्या एका अंगाला विहीर होती आणि दुसऱ्या अंगाला दोन पोरं. फुलस्क्रीनमध्ये ना विहीर, ना पोरं.

"आयला!" विक्रम म्हणाला. "म्हंजी आख्खा ह्यो हाय? आन् मी चार वर्सं लोकान्ला..."

"तुझं ऱ्हाऊ दे, मी तरी काय येगळं केलं?" साळूबाई टेप गुंडाळत म्हणाली. "ऐसपैस दिसावं म्हनून त्यांनी कापड ताणलं आन् दोन्ही काठ कापून टाकले. काळी पट्टी म्हंजी नुसतं अस्तर. आन् मी, जल्माची शिवनारीण, अस्तर बघून कापड परत केलं!" स्वतःच्या मूर्खपणावर ती खो खो हसली. "बाजार लावू का?" विक्रमनं विचारलं तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. "नगं," ती म्हणाली. काठ कापलाय एवढंच कळलं होतं. त्या काठावर ताईबाई आहे की नाही, हे अजून कुठं कळलं होतं?

हर्षदा या वेळी नवी साडी नेसली नाही. भाजी निवडता निवडता ती मावशीसाठी म्हणून येऊन बसली. बाजार आला. काळ्या पट्ट्यांच्या मधे बारकी नटी, बारका बांगडीवाला, त्याची चटई, त्याच्या पलीकडे पालं, आणि डाव्या कडेला वांग्यांची पाटी.

"थांबीव!" साळूबाई ओरडली.

काठीसारखी सडपातळ, हिरव्या लुगड्यातली, एकोणीस-वीस वर्षांची पोर. समोर बसलेल्या स्वतःच्या लेकीपेक्षाही लहान. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, पण स्वच्छ. हर्षदाच्या हातातली मेथी मांडीवर पडली. ती गुडघ्यांवर सरकत काचेपाशी गेली. साळूबाईला वाटलं, सुटले. रडू आलं, तेही तिनं येऊ दिलं.

"मावशी," हर्षदा हळूच म्हणाली, "समदी नटीकडं बघत्यात. आई का बघत न्हाई? ती तिकडं कुनाकडं बघून हसतीया?"

साळूबाईनं डोळे पुसले आणि पुढे सरकली. तंबूत तीनदा पाहिलं, पण दोन क्षणांत निघून जायचं ते, आणि डोळ्यांत पाणी; तिनं चेहऱ्यापलीकडे कधी काही बघितलंच नव्हतं. ताईबाई नटीकडे पाठ करून, पडद्याच्या बाहेर बघत, दात दाखवून हसत होती.

"माझ्याकडं," साळूबाई म्हणाली. "मी हुते तितं, कडंला. पाटी सरळ धर, येडे, म्हनून वरडत हुते तिला."

हर्षदानं आईच्या चेहऱ्यावरून बोट डावीकडे सरकवलं, चित्राच्या बाहेर, काचेच्याही बाहेर, टीव्हीच्या काळ्या प्लास्टिकवर टेकवलं.

"हितं?"

"व्हय गं," साळूबाई म्हणाली. "तितंच."