गच्चीच्या दाराशी लावलेलं पत्र

रेवा या ग्रुपमध्ये नाही, म्हणून इथे लिहितेय.

रेवा माझी मामेबहीण. पुण्याहून चेन्नईला आलीये, ती मला भेटायला नाही, तिच्या लाडक्या रॉक बँडचं गाव बघायला. बँड सुरू झाला ती गच्ची अण्णा नगरात, आमच्याच गल्लीत आहे. आज सकाळी तिला तिथे घेऊन गेले.

गायकाची आई अजून त्याच घरात राहते. आंटींनी कॉफी दिली, गच्ची दाखवली. त्या तमिळमध्ये बोलत होत्या आणि मी रेवाला मराठीत सांगत होते.

गच्चीच्या दाराशी एक कागद फ्रेम करून लावलाय. बँडच्या आवाजाबद्दल गल्लीने गायकाच्या वडिलांना दिलेलं, तमिळमध्ये लिहिलेलं तक्रारीचं पत्र.

"काय माणसं असतात," रेवा म्हणाली. "पण अक्षर बघ ताई, मोत्यासारखं."

अक्षर माझंच. तेव्हा माझी बारावी होती. आवाजाचा त्रास होतो एवढंच लिही, असं माझ्या वडिलांनी, अप्पांनी, सांगितलं होतं. मुलं गच्चीवर दारू पितात, हे मी माझ्या मनाने घातलं. पाहिलं कधीच नव्हतं.

आंटींनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "आमच्या ह्यांनी हे वाचलं आणि मुलाशी बोलणं सोडलं, पोरी. शेवटपर्यंत बोलले नाहीत."

"काय म्हणाल्या गं?" रेवाने विचारलं.

"जुनं पत्र आहे म्हणाल्या," मी सांगितलं.

आंटींचं घर आमच्यापासून चार घरं सोडून आहे. दुपारपासून दोनदा चप्पल घातली आणि काढून ठेवली. तुम्ही गेला असता का?