पांढऱ्या रंगाखालचं चित्र

राजारामपुरीत आमच्या गल्लीतले लोक विचारतात, "सुभेदारसाहेब, किती गोळ्या झेलल्या?" एकही नाही. सुभेदार नंतर झालो; ही गोष्ट घडली तेव्हा मी हवालदार होतो आणि पोस्टिंग स्टोअरला होती. फिनेल, ब्लीचिंगचं द्रावण, संडासाचं अ‍ॅसिड. हे ऐकलं की त्यांचा चहा संपतो.

माझ्या हाताखाली नायक बाळू गावडे होता, चंदगडचा. शंभरदा उघडलेला कॅन असला तरी आधी त्यावरची खूण बघायचा. थेंब पडून हात झिजतोय, ते चित्र. मग खालचं नाव वाचायचा. मग हातमोजे. पोरं त्याला "पंडित" म्हणून चिडवायची. तो हसायचा आणि पुन्हा वाचायचा.

मग जनरलसाहेबांचं इन्स्पेक्शन लागलं. आमच्याकडे इन्स्पेक्शन म्हणजे गेरू आणि चुना. जे हलत नाही त्याला रंग द्यायचा. झाडांना दिला, दगडांना दिला. स्टोअरच्या सुभेदारसाहेबांनी कॅनकडे बोट दाखवलं.

"सगळे पांढरे. एकसारखे."

"साहेब, खुणा जातील," मी म्हणालो.

"जनरलसाहेब खुणा वाचायला येतायत काय? ओळ बघतील."

"येस, साहेब."

ब्रश माझ्याच हातात होता. सकाळी सुभेदारसाहेबांनी ओळ सरळ करवली, उंच कॅन मागे, बुटके पुढे. कोण कुठून कुठे गेलं, कुणी लिहून ठेवलं नाही. जनरलसाहेब दारातूनच "व्हेरी स्मार्ट" म्हणाले आणि जेवायला गेले. एवढ्यासाठी हा सगळा तमाशा.

१३१० वाजता मी बाळूला म्हणालो, "अ‍ॅसिडचे दोन कॅन अर्धे आहेत. एकात ओत."

"उस्ताद, वळखायचं कसं? खूणच न्हाय की."

"डावीकडचे दोन. ओत."

दोनातला एक ब्लीचिंगचा होता. ताज्या रंगाच्या वासात दुसरा कसलाच वास लागत नव्हता. खिडक्या रंग वाळेपर्यंत बंद होत्या. बाहेर मी खोकला ऐकला, मग कॅन पडल्याचा आवाज. दारातून क्लोरीनचा हिरवट पिवळा धूर आला.

गॅस मास्क होते. काचेच्या कपाटात, इन्स्पेक्शनसाठी पुसून मांडलेले, कुलूपबंद. किल्ली सुभेदारसाहेबांकडे, आणि सुभेदारसाहेब मेसमध्ये.

मी रेडिओ उचलला. "कंट्रोल, स्टोअरमध्ये गॅस. एक माणूस आत. ओव्हर."

"स्टोअर, थांबा. सायरन वाजवू नका. जनरलसाहेब जेवतायत. ओव्हर."

मी ओला टॉवेल तोंडाला बांधला आणि आत गेलो. बाळू दारापासून चार पावलांवर पालथा पडला होता. ओढून बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी ०७२० वाजता हॉस्पिटलमध्ये त्याने प्राण सोडला.

चौकशी झाली. निष्कर्ष: "मृत जवानाने धोक्याच्या चिन्हाकडे दुर्लक्ष केले." बाळूने! ज्यांना पांढऱ्या रंगापलीकडे काही दिसत नव्हतं, त्यांनी हे लिहिलं. मला कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून बोललो नाही. त्यांच्याइतकीच माझी मला किळस येते.

निवृत्तीनंतर एसटीने चंदगडला गेलो. बाळूच्या आईने तिला आलेला चौकशीचा कागद डब्यातून काढला.

"माझ्या पोरानं खूण बघितली न्हाई म्हणं. खरं हाय?"

"न्हाय, काकी. खूण न्हवतीच. मीच तिच्यावर रंग मारलाता. आन् त्यानं इचारल्यावर चुकीचा कॅन मीच सांगितला."

तिने कागद माझ्यापुढे सरकवला. पाणी दिलं नाही.

"मग त्ये लिव्हून दे की."

लिहून देतोय. नायक बाळू गावडे याने दुर्लक्ष केलं नाही. त्याने विचारलं होतं.