खांड कुणी भरायची?

तो नारळी पौर्णिमेचा दिवस काही केल्या माझ्या मनातून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले निम्मे विसरलो. पण एका फुटक्या बांधाचा हा तपास विसरता विसरत नाही.

मी तेव्हा रेवदंड्याच्या खाडीलगतच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. आमच्या हद्दीत खारजमिनी पुष्कळ. समुद्राचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे आणि आत भात पिकवायचा. बांधात एक लाकडी दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीला बंद करायची. बांधाला भगदाड पडले की ती खांड. खांड वेळीच भरली नाही तर खारे पाणी आत शिरते आणि जमीन काही वर्षे तरी कामातून जाते.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका जमीनमालकाचा कारभारी ठाण्यात आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, पण जिभेला चिखल लागलेला नव्हता. "फौजदारसाहेब, आमच्या एका कुळाने मुद्दाम बांध तोडला. मालकांशी त्याचे वाकडे आहे. कुदळ घेऊन जाताना त्याला दोघांनी पाहिलंय. सगळा खार बुडाला हो!"

फिर्याद लिहून घेतली आणि हवालदाराला पाठवले. तासाभरात त्याने आरोपी आणला. पन्नाशीचा, काटक, काळा माणूस. हाताला कुदळीचे फोड आलेले. मी विचारले, "बांध कुणी तोडला?"

"म्या तोडला."

"का?"

गोडीने विचारले, दरडावून विचारले. हवालदाराने आवाज चढवून पाहिला. हा आपला भिंतीकडे बघत बसलेला. हवालदार खूष. म्हणाला, "साहेब, कबुली आली, आता डोक्याला ताप कशाला?" मला मात्र कबुली इतकी स्वस्त मिळाली की आनंदाऐवजी चीड येते. गुन्हेगार आधी खोटे बोलतो, हा माझा अनुभव. जो पहिल्याच फटक्यात खरे बोलतो, त्याच्या पोटात आणखी काहीतरी असते.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. पाऊस उघडला होता. जिथे हिरवे भात हवे तिथे गढूळ पाणी हेलकावत होते. गाव बांधावर उभा होता आणि बोलायला कुणी तयार नाही. "ठाव न्हाय सायेब," एवढेच. मी वैतागून पाटलाला म्हणालो, "तुमच्या गावाला काय दातखीळ बसली आहे का?"

तेवढ्यात खांडीच्या बाजूला, तिवरांच्या मुळ्यांत अडकलेला एक ढोल दिसला. वर काढला. कातडे मधोमध फाटलेले. पाटील म्हणाला, "पुरात वाहून आला असंल." मी ढोल उलटा करून पाहिला. दोरीला अडकवलेले वाजवायचे टिपरू जागेवर होते आणि मोडलेले होते. वाहून आलेल्या ढोलाचे टिपरू कोण मोडील? तो इथेच वाजला होता, आणि जीव तोडून वाजला होता.

आता मला सांगा, लपून बांध तोडायला निघालेला माणूस गळ्यात ढोल अडकवून जातो का?

आरोपीची बायको गर्दीच्या मागे उभी होती. तिला विचारले, "बाई, हा ढोल कुणाचा?"

"देवलातला. गावाचा."

"बांधावर कसा आला?"

तिने एकदा सगळ्या गावाकडे पाहिले. मग तिच्या तोंडून जे निघाले ते ऐकून गावातले बाप्ये मान खाली घालून उभे राहिले.

त्या भागात रीत अशी होती. पावसाळ्यात बांध राखायला घरटी पाळी असायची. आत पाणी फार चढले आणि उघाडी चालेना, तर पाळीवाल्याने ओहोटीला बांध थोडा तोडायचा, पाणी सोडायचे आणि लगेच ढोल वाजवायचा. ढोल ऐकला की प्रत्येक घरातून एक माणूस टोपली घेऊन धावायचा आणि भरती यायच्या आत खांड भरून टाकायचा. याला ते जोळ म्हणत. घरोघर जाऊन बोलवायचे नाही, ढोल पुरे.

त्या दिवशी पाळी आरोपीची होती. रात्रभर पाऊस कोसळलेला, घरांच्या उंबऱ्यांना पाणी लागलेले. उघाडीचे दार कुजून चिखलात रुतलेले, हलेना. ओहोटी संपत आलेली. त्याने कुदळ घातली आणि ढोल बडवला.

"पन सायेब, पुनव व्हती ना," बाई रडत म्हणाली. "कोलीवाड्यात सकाल धरून ढोल वाजत व्हते. नारलाची मिरवनूक. मीच शेजारनीला बोलले, कोली आज लवकर लागले नाचाया. आमी हसलो पन! आनि माजा मानूस तिकडं एकलाच..."

आरोपीने तोंड का उघडले नव्हते ते मला कळले. ढोलाची गोष्ट सांगितली असती, तर खार गावाने बुडवला, त्याच्या बायकोने बुडवला, असे झाले असते. त्यापेक्षा त्याने सगळे आपल्या डोक्यावर घेतले. मला त्या माणसाचा राग आला आणि त्याच्या पाया पडावेसेही वाटले.

मी जबाब घेतले, रुतलेल्या उघाडीचा स्वतंत्र पंचनामा केला. कारभाऱ्याला विचारले, "उघाडीची दुरुस्ती कुणाकडे?"

"रिवाजाने मालकांकडे. पण ज्याने बांध तोडला त्यानेच भरावा, नाही का?"

कुळे म्हणाली, उघाडी धड असती तर बांधाला हात कशाला लावला असता? कचेरीत विचारले, तर बांध खासगी, सरकारचा संबंध नाही. ज्याचे त्याचे बोट दुसऱ्याकडे, आणि प्रत्येक भरती खांड रुंद करत होती.

नुकसान करण्याचा हेतू नव्हता, असा अहवाल मी पाठवला. वरून सुटकेचा हुकूम आला. मी स्वतः कोठडी उघडली. "जा बाबा घरी. तुझ्यावर गुन्हा राहिला नाही."

तो उठेना. "गुन्हा न्हाय, तं मंग खांड कोन भरंल?"

"ते माझ्या हातात नाही रे."

"मंग असं करा सायेब. गुन्हा ऱ्हाऊ द्या माज्यावर. मना सजा द्या. पन कागदावर लिवा, का सरकारनं बांद भरून द्यावा."

असा हुकूम लिहायची ताकद माझ्या लेखणीत नव्हती. हवालदाराने तोंड फिरवले. शेवटी बायको आली आणि हाताला धरून त्याला घेऊन गेली.

गावाने दोनदा जोळ केला. दोन्ही वेळा उधाणाने माती धुऊन नेली. पुढच्या वर्षी मिठाने जमीन पांढरी झाली, आणि एकेक घर मुंबईला निघाले.

या तपासाने मला एक शिकवले. बांध तोडणाऱ्यासाठी कलम आहे, न राखणाऱ्यासाठी नाही. आम्ही पोलीस हात घातलेला माणूस शोधतो. हात न घालणारे मोकळे राहतात. त्या गावातल्या तांबड्या तांदळाची पेज एकदा पाटलाच्या ओटीवर प्यालो होतो. तशी पेज पुन्हा मिळाली नाही, आणि तिची ओढ अजून जात नाही.

निवृत्त झाल्यावर मुंबईच्या धक्क्यावर एका हमालाने मला हाक मारली. तोच होता. केस पिकलेले, पाठ वाकलेली. मी विचारले, "गावाकडे जातोस का कधी?"

"जातो तं. नारली पुनवेला. भरती आत आली का आमच्या शेतावर व्हडी चालते सायेब. कोली मना बसवून नेतात. माज्या शेतावर आली का ते वलवायचं थांबतात. मी वाकून बगतो. पानी गढूल हाय, दिसत काय न्हाय."

मग तो ओझे उचलून चालू लागला. मी बोटीत चढलो तरी त्याच्याकडेच बघत होतो.