निळ्या ट्रेमधली कवळी

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते आमच्याकडे येतं, आणि त्यावरून हे मेणात दात बसवून, घासूनपुसून, पॉलिश करून पक्की कवळी डॉक्टरांकडे पाठवतात. पेशंट आभार मानतो ते डॉक्टरांचे. याचं ह्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत लॅब आहे आणि मागच्या तीन खोल्यांत आम्ही राहतो: हे, मी आणि माझ्या सासूबाई. लॅबची नोंदवही, फोन आणि माल आणणं-पोचवणं माझ्याकडे असतं. गल्लीत ह्यांना वेळोबा म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मागून सगळेच म्हणतात, मीसुद्धा.

पूर्वी हे असे नव्हते. कामाच्या चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात असायच्या, शर्ट माझ्या धुण्यात असायचा, आणि तरी कवळ्या कशाबशा वेळेवर जायच्या. मग एकदा अदलाबदल झाली. बँडमधल्या एका क्लॅरिनेटवाल्याचे दात एका निवृत्त पोस्टमास्तरांना गेले आणि पोस्टमास्तरांचे त्याला. क्लॅरिनेटवाला दुसऱ्याच दिवशी दारात येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडून सूर जाऊ दे, शिवीसुद्धा धड निघत नव्हती. पोस्टमास्तर मात्र चार दिवस ते दात घालून हिंडले. दात टोचतात, पण बायको म्हणते हसणं सुधारलं, एवढीच त्यांची तक्रार होती. आम्ही हसलो. ह्यांना मात्र आठवडाभर जेवण गेलं नाही. दुसऱ्याच्या तोंडात तिसऱ्याचे दात घालणारा माणूस कारागीर कसला, असं स्वतःलाच विचारत बसायचे. तेव्हा मला ह्यांची फार दया आली होती, आणि त्या दयेच्या भरातच माझ्या हातून घोटाळा झाला. कामात बुडालेल्या माणसांसाठी एका दिवसाचं शिबिर आहे, अशी जाहिरात मीच ह्यांना दाखवली.

शिबिरातून हे एक वही, तीन पेनं आणि चेहऱ्यावर नवीन तेज घेऊन आले. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'पद्धत सोपी हवी.' पुढची एकशे ब्याण्णव पानं ती सोपी कशी करायची याची होती.

पहिला नियम असा, की जे काम दोन मिनिटांत होतं ते लगेच उरकायचं. जगात दोन मिनिटांची कामं किती आहेत याची मला तोवर कल्पना नव्हती. हे दिवसभर तीच करू लागले. पेनांची टोपणं जुळवली, दाराच्या बिजागरीला तेल घातलं, ड्रॉवरमधल्या रबरबँडांचे आकाराप्रमाणे ढीग केले. दुपारी तीनला विचारलं तर म्हणायचे, आज एकतीस कामं झाली. कवळी एकही नाही.

दुसरा नियम, एकसारखी कामं एकत्र करायची. मग एकट्या-दुकट्या कवळीला पॉलिश करणं बंद झालं, सात जमल्याशिवाय यंत्र सुरू होईना. म्हणजे सहा माणसं तयार दात असूनही बोळकी घेऊन घरी बसलेली, कारण सातव्याचे यायचे होते. हा नियम घरातही लागू झाला. मला जे काही विचारायचं असेल ते साठवून संध्याकाळी आठ वाजता एकदम विचारायचं. एकदा चार वाजता लॅबच्या छतातून पाणी गळायला लागलं. मी खाली बादली ठेवली आणि आठ वाजता दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न म्हणून तो विषय काढला. हे म्हणाले, आधी का नाही सांगितलंस. मी वहीकडे बोट दाखवलं.

तिसरा नियम घंटेचा. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, आणि घंटा होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. गॅसवाला, ह्यांचे थोरले भाऊ आणि एकदा तर आयकर खात्यातले एक गृहस्थ, असे सगळे घंटेची वाट बघत आमच्या बाकावर बसून गेले आहेत. वेळोबा हे नाव थोरल्या दिरांनीच ठेवलं, त्याच बाकावर बसून.

चौथा नियम तीन ट्रेंचा. लाल म्हणजे आजच, पिवळा म्हणजे या आठवड्यात, आणि निळा म्हणजे महत्त्वाचं पण घाईचं नाही. पाचवा नियम, चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. नाव वाचलं की मन माणसात गुंततं आणि वेळ जातो, असं ह्यांचं म्हणणं. डॉक्टरांकडे नाव असतं, आपल्याला क्रमांक पुरे.

मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण तसं झालं नाही, आणि खोटं कशाला बोलू, अदलाबदल पुन्हा एकदाही झाली नाही. चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई तर खूश होत्या. त्या रोज सकाळी फोन करायच्या, म्हणून त्यांचं प्रत्येक काम लाल ट्रेमध्ये जायचं आणि दवाखान्यातली जा-ये धरून बारा-तेरा दिवसांत पुरं व्हायचं. बाहेरच्यांचं सगळं सुरळीत चाललं होतं.

अशातच सासूबाईंची कवळी बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले. दुसरं कोणी असतं तर चिकटवून दिली असती. हे म्हणाले, "माझ्या आईच्या तोंडात जोडलेले दात? शोभतं का? नवी करतो, आजवर कोणाची केली नसेल अशी." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी स्वतःच्या हाताने माप घेतलं, प्लास्टरचा साचा ओतला, आणि तो मोठ्या मानाने निळ्या ट्रेमध्ये ठेवला. महत्त्वाचं, पण घाईचं नाही.

त्याला पाच महिने झाले. सासूबाई दुधात भिजवलेला पाव आणि कुसकरलेला बटाटा खात होत्या. खाण्याचं त्यांना फार नव्हतं, बोलण्याचं होतं. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भाषा शिकवली. त, थ, द म्हणताना जीभ कुठे टेकते हे त्या वर्गात एकेका मुलाचं तोंड उघडायला लावून बघायच्या. आता त्यांची स्वतःची जीभ टेकायला जागाच उरली नव्हती, आणि अर्ध्या अक्षरांच्या ठिकाणी नुसती हवा निघायची. फोन आला की त्या मला खुणेनेच घ्यायला सांगू लागल्या. पुढे पुढे खुणाही कमी झाल्या. घरात एक बोलकं माणूस मुकं होत चाललं होतं आणि माझा जीव तुटत होता.

मग शाळेचं पत्र आलं. शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती, जुने विद्यार्थी गोळा होणार होते, आणि बाईंनी दहा मिनिटं बोलावं अशी सगळ्यांची इच्छा होती. समारंभ सहा आठवड्यांवर होता. सासूबाईंनी ते पत्र दिवसातून चारदा वाचलं. मग मला म्हणाल्या, दात नसतील तर मी जाणार नाही. ज्यांचे उच्चार मी सुधारले त्यांच्यासमोर तोंडावर रुमाल धरून मी उभी राहणार नाही.

मी आठ वाजता विषय काढला. ह्यांनी मनापासून ऐकलं, नवी चिठ्ठी केली, तिच्यावर तारीख घातली आणि रविवारच्या आढाव्यासाठी राखून ठेवली. रविवारी दोन तास आढावा चालला. त्यात असं ठरलं की निळ्या ट्रेमध्ये फार कामं साचतात, म्हणून निळ्याचे फिकट निळा आणि गडद निळा असे दोन भाग करावेत. सासूबाई गडद निळ्यात गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात मी दातांच्या कण्या केल्या. हे म्हणाले, लाल ट्रेमध्ये दिवसाला तीनच कामं घ्यायची असा नियम आहे आणि तो आईसाठी मोडला तर उद्या कोणासाठीही मोडेल. माझा राग असा अनावर झाला, की मी उठून ड्रॉवरमधले रबरबँड एकत्र कालवून टाकले.

दुसऱ्या दिवशी हे घंटेत अडकलेले असताना सासूबाई स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या. तोंडात दात नव्हते, पण डोक्यात सगळं जागच्या जागी होतं.

"तुमच्या लॅबमध्ये सगळ्यात लवकर कोणाचं काम होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंच्या पेशंटचं.

"मग मला त्यांची पेशंट कर."

त्याच दुपारी डोळे तपासायचं निमित्त सांगून आम्ही दोघी चौकातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई ऐकून आधी हसल्या आणि मग त्यांनी माप घ्यायला घेतलं. संध्याकाळी त्यांच्याकडून मापाचा डबा आला. मी वहीत नोंद केली, क्रमांक दोनशे चौदा, आणि चिठ्ठी लावून डबा लाल ट्रेमध्ये ठेवला. ह्यांची नजर तयार आहे. साचा बघून पेशंटचं वय सांगतात, पूर्वी पाइप ओढत होता का तेही सांगतात. शिवाय सासूबाईंच्या टाळूच्या मधोमध हाडाची एक छोटी गाठ आहे. ती थोड्यांच्याच टाळूला असते. ह्यांनी स्वतःच्या आईचं तोंड ओळखलं असतं तर आमचा बेत फसला असता. आणि मनाच्या एका कोपऱ्यात मला तो फसायलाच हवा होता.

तिसऱ्या दिवशी जेवताना हे उत्साहाने म्हणाले, "आज एक जबडा हातात घेतला. टाळूला मधोमध गाठ. अगदी तुझ्यासारखी, आई. तिथे बेताने जागा सोडावी लागते, नाहीतर बिचाऱ्याला घास घेववणार नाही."

सासूबाईंनी बटाट्याचा घास गिळला आणि मान हलवली. मी पाण्याचा पेला तोंडाला लावून ठेवला.

"तुझंही करायचंय," हे म्हणाले. "विसरलेलो नाही हं."

एरवी मी ह्यांच्यावर हसते. त्या दिवशी मला हसू आलं नाही. हे खोटं बोलत नव्हते. खरंच विसरलेले नव्हते, तारखेसकट लिहून ठेवलं होतं.

दोनशे चौदाचं काम मात्र घड्याळासारखं चाललं. चाव्याची खूण घ्यायची मेणाची पट्टी दवाखान्यात गेली, परत आली, मेणातले दात बसवून बघितले, समोरचा एक दात जरा वाकडा ठेवा असा डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. तो निरोप सासूबाईंचाच होता. फार सरळ दात खोटे दिसतात, असं त्यांचं मत. ह्यांनी कौतुक केलं, पेशंट जाणकार दिसतोय म्हणाले. पक्की कवळी तयार झाली ती बाराव्या दिवशी. पुढचे दोन आठवडे सासूबाई दुपारी माझ्या खोलीत दार लावून ती घालायच्या आणि भिंतीला भाषण म्हणून दाखवायच्या. संध्याकाळी काढून डब्यात ठेवायच्या आणि पुन्हा कुसकरलेला बटाटा खायला बसायच्या. ताकास तूर लागू दिली नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हे आपणहून सासूबाईंच्या खोलीत गेले. आठाची वाट पाहिली नाही, हे नमूद करायला हवं. आई, जमलं नाही, पुढच्या आठवड्यात नक्की, असं म्हणाले आणि खरोखर शरमले. सासूबाईंनी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला. उद्या मला सोडायला तरी येशील ना, असं विचारलं. हे म्हणाले, चाळीस मिनिटं काढून ठेवली आहेत.

सभागृह भरलेलं होतं. पन्नाशीची, साठीची माणसं शाळेत असल्यासारखी बाकांवर ताठ बसली होती. नाव पुकारल्यावर सासूबाई व्यासपीठावर गेल्या आणि बोलायला लागल्या. एकेक अक्षर नाण्यासारखं वाजत होतं. तिसऱ्या वाक्याला सगळे हसले, त्यानंतर कोणी जागचं हललं नाही. त्यांना दहा मिनिटं दिली होती, त्यांनी सव्वीस घेतली. माझे डोळे सारखे भरून येत होते. हे मात्र भाषण ऐकतच नव्हते. पुढे वाकून, डोळे बारीक करून ते आईच्या तोंडाकडे बघत होते. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, ही दातांची बसवणी माझी आहे. समोरचा वाकडा दातही माझाच.

बाहेरच्या व्हरांड्यात चहा होता. विद्यार्थ्यांनी सासूबाईंना सोडल्यावर त्या आमच्याकडे आल्या. हे अजून त्यांच्या दातांकडेच बघत होते, म्हणून मीच सांगितलं. दोनशे चौदा. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी मनात म्हटलं, आता कळलं. आता हे रडतील, आणि मी जवळ घेईन, आणि उद्या तो फिकट-गडद निळा उचलून माळ्यावर टाकीन.

हे मनातल्या मनात काहीतरी मोजत होते. मग चेहरा हळूहळू उजळला.

"माप आल्यापासून बारा दिवस," हे म्हणाले. "म्हणजे बघ आई, पद्धत चालते."

सासूबाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. रागावल्या नव्हत्या. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

"चालते ना," त्या म्हणाल्या. "फक्त तुझी आई असून भागत नाही. परकं होऊन यावं लागतं."