घाटाच्या धास्तीनं पाजलेलं ऑइल

आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझी फजिती सांगतोय!

गाडीचं इंजिन ऑइल कधी बदलावं? शहाणी माणसं मीटर बघून बदलतात. मी भीती वाटली की बदलतो. आणि त्या दिवशीची भीती काय विचारता! लेकीचा साखरपुडा, तोही कोल्हापुरात. म्हणजे फोंड्याचा घाट आलाच. घाटात गाडी बसली आणि मुहूर्त चुकला तर? पोरीचं लग्नच मोडलं तर? सकाळपासून मला दरदरून घाम.

आमचं घर मालवणजवळ, टेकडीच्या उतारावर. अंगणात गाडी तोंड वर करून उभी. निघायच्या आधी बॉनेट उघडून ऑइल बघायची पट्टी ओढली. कोरडी! घरातला ऑइलचा डबा आणून ओतला. पट्टीच्या टोकाला जेमतेम थेंब. आणखी ओतलं.

"अवो, किती पाजतलास त्या गाडयेक?" बायको ओरडली.

"इंजिन ऑइल पिता गो! घाटात मरतलंव आपण!"

"बाबा, मागल्याच म्हयन्यात बदललास मा?" लेक म्हणाली. पण घाबरलेल्या माणसाला काही ऐकू येतं का?

शेजारचे बाबलीकाका धावत आले. त्यांचा मासळीचा टेम्पो रोज कोल्हापूरला जातो. माझी दशा बघून त्यांनी बॉनेटवर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू चेडवाक घेवन घाट चढता हा. काय वाकडा-तिकडा आसात तर संबाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा.

चावी फिरवली. गाडी रस्त्यावर आली न आली तोच मागून धुराचा हा लोट! आग लागली म्हणून वाडीतली माणसं कळश्या घेऊन धावली. गाडीनं दोन आचके दिले आणि बसली.

आता काय करता? बायको आणि लेक साड्या सावरत टेम्पोच्या केबिनमध्ये, मी मागे सुरमईच्या क्रेटवर. घाट लागला, टेम्पोचं तोंड वर झालं, आणि बर्फाचं सगळं पाणी मागे वाहत येऊन माझ्या नव्या बुटांत शिरलं. पुढची बाजू कोरडी ठणठणीत! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. अंगणाच्या उतारावर ऑइलही असंच मागे सरलेलं. पट्टीला लागणार कुठून? आणि मी आपला ओततोय, जास्तीचं जळून धूर होईस्तोवर!

मुहूर्ताला पोचलो एकदाचे. पण माझ्या अंगाला मासळीचा असा वास, की आता ही माणसं आम्हाला दारातूनच परत पाठवणार! व्याह्यांनी जोरात नाक ओढलं. मी हातातल्या पिशवीसकट एक पाऊल मागे सरलो.

"पावणं, मासं आणलासा व्हय? कशाला एवढा तरास!" म्हणत त्यांनी खुशीत माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि थेट स्वयंपाकघरात नेली.

ती पिशवी मी घरापासून छातीशी धरून बसलो होतो. न जाणो, टेम्पोलाही लागलं तर! म्हणून उरलेल्या इंजिन ऑइलचा डबा घेतला होता बरोबर.

आतून व्याह्यांची हाक आली, "पावणं, तेल घावलं. मासं कुठायत?"