कडेला उभी माणसं

“गाव कोणतं?” राजूरच्या आमच्या फोटोवाल्या काकांचा पहिला प्रश्न हाच. नाव नंतर. विचारतानाच त्यांचं बोट वर झालेलं असायचं.

देवळाजवळ त्यांचा स्टुडिओ, शेजारी माझं कॉम्प्युटरचं दुकान. जावळं, लग्नं, नव्या गाड्यांच्या पूजा, सगळे फोटो त्यांच्याकडे वर्षवार. गिऱ्हाईक मात्र गावावरून विचारणार. वर्षवार आणि गाववार असे दोनदा साठवायचे तर डिस्क पुरेना. मी मशीनवर लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकून दिली आणि सिमलिंक दाखवली. फोटो मूळ जागीच राहतो, दुसऱ्या फोल्डरात त्याचा नुसता पत्ता ठेवायचा.

“म्हंजी माणूस आपल्या घरी, अन् शेजारी बोट दाखवून राह्यला, ते बघा घर. बराबर?”

“बिलकुल.”

मंडळी, मला वाटलं, काका गावांचे फोल्डर करतील, लग्नं तिकडे जोडतील, संपलं. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

एकदा एक तरुण बाई लेकीला कडेवर घेऊन आली. मेंढरांमागे गेलेला नवरा वाटेतच वारलेला, लेक तेव्हा पोटात. त्याचा मोबाईलही सापडला नव्हता.

“काका, आमी कधी फोटो काढायला आल्तोच न्हाई. पण पोरीला बाप दाखवायचाय.”

“गाव कोणतं गं माय?”

गाव, मग आडनाव, मग नवऱ्याचं नाव. फोल्डर होतं! आत लिंका, सगळ्या दुसऱ्यांच्याच लग्नातल्या. पंगतीत वाढताना तो, मांडवाच्या कडेला हसताना तो. बाईनं पदर तोंडाला लावला. पोरीनं पडद्यावर हात ठेवला.

मी थक्कच झालो. काका प्रत्येक फोटोतली कडेची माणसं ओळखायचे, अनोळखी असली तर विचारून घ्यायचे आणि ज्याच्या त्याच्या घरच्या फोल्डरात लिंक टाकायचे. कुणी मागितलं नसताना, वर्षानुवर्षं.

“कडंचा माणूसबी त्याच्या घरी मधीच असतो ना,” एवढंच म्हणाले.

यंदा पोळ्याआधी काका गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून काकू माझ्याकडे आल्या. मी काकांच्या मशीनवर त्यांचं गाव उघडलं, घर उघडलं. त्यांच्या नावाचं फोल्डर होतं, पण रिकामं. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस.

“एकबी न्हाई?” काकू म्हणाल्या.

मग सुचलं आणि मी गाड्यांच्या पूजा उघडल्या. हार घातलेली एक नवी जीप, पुढे कुणाचं तरी कुटुंब. मागे जीपच्या काळ्या काचेत तिपाईवरचा कॅमेरा आणि त्याच्या बाजूला, ‘हिकडं बघा’ म्हणत बोट वर केलेले काका.

काकूंनी काचेला हात लावावा तसा पडद्याला लावला.

फोटो त्या कुटुंबाचाच, त्यांच्याच जागी राहू दिला. काकांच्या रिकाम्या फोल्डरात मी पहिली लिंक टाकली.