वधस्तंभ आणि धपाटे

रविवारची प्रार्थना आटोपून मी आणि माझे साडू कळंबहून येडशीला निघालो होतो. एसटीत आमची जुंपली. मी म्हणत होतो, आपल्या पापांची शिक्षा येशूनं वधस्तंभावर स्वतः भोगली, हेच प्रायश्चित्त. साडू म्हणत होते, "शिक्षा कसली? दुरावलेल्या माणसाला परत आणायला देव स्वतः आला."

पुढच्या सीटवरची एक आजी, कपाळाला विभूती, मांडीवर पदरानं झाकलेला डबा, दोघांच्याही बोलण्याला मान डोलवत होती. शेवटी ती वळली.

"माझी जाऊ बारशात मला लई बोलली. तिच्यासाठीच धपाटे घेऊन निघाले."

"चूक तिची, आणि जाताय तुम्ही?" साडूंनी विचारलं.

"तिला लाज वाटती, ती कशी येईल? ज्याचं चुकलं न्हाय त्यालाच जावं लागतंय."

साडू माझ्याकडं बघून मिशीत हसले. मी चिडलो. "म्हणजे शिक्षा कुणालाच नाही?"

"हाय की! तव्याचे चटके मला बसले," तिनं लाल झालेली बोटं नाचवली, "आन् माझ्या तोंडाकडं बघत खायचंय तिला!"

हसत हसत ती मधल्याच फाट्यावर उतरली. येडशी येईपर्यंत आम्ही भांडत होतो, आजी नक्की कुणाच्या बाजूनं बोलली.